नाही म्हणायची सोय

२१ मे. मुलचेऱ्याजवळच्या एका गावात, साथीवरच्या नव्या औषधाच्या चाचणीसाठी मी लोकांची संमती घेत होते. नैतिकता समितीने बजावलं होतं, नकाराचा हक्क आधी सांगा.

एका म्हाताऱ्याने अंगठा धोतराला पुसून, रेशनच्या मशीनवर ठेवावा तसा पुढे केला.

"बाबा, नाही म्हटलं तरी चालतं."

"तुमी लय सभ्य हा बाई. रेशनवाला तं इचारत बी नाई. घ्या आंगठा, अन् बुढीले तापाच्या गोळ्या द्या."

शाई आणि गोळ्या मी एकाच टेबलावर मांडल्या होत्या. अंगठा न घेताच, गोळ्या देऊन त्याला घरी पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या हाताने त्याच्या दारी जाऊन पुन्हा विचारलं.

"बुढीचा ताप उतरला," तो म्हणाला. "आता नाई म्हनतो. चालते न?"

"चालतं," मी म्हणाले, आणि पुढच्या घरी गेले.