पाणी प्यायलेली गाडी

बेलार्मिनोकाकांनी आयुष्यभर दूध वाहिलं. पहाटे नदी ओलांडून पलीकडच्या गोठ्यांवर जायचं, कॅन पिकअपच्या मागे चढवायचे आणि ऊन तापायच्या आत इकडच्या चीजवाल्याकडे उतरवायचे. शेजारच्या सीटवर त्यांची बायको, ओतिलियाकाकू. ती वाटभर बोलायची, हे हूं हूं करायचे. काकू गेली तसा धंदा सुटला, पण गाडी सुटली नाही. अख्ख्या ओलांचो प्रांतात इतकी म्हातारी आणि इतकी लाडावलेली गाडी मी दुसरी पाहिली नाही.

गेल्या पुरात नदीनं त्यांना गाडीसकट वाहवत नेलं. बैल जुंपून बाहेर ओढावं लागलं. त्यांची मुलगी नोएमी तेव्हा काठावर उभं राहून म्हणाली, गाडी पुन्हा एकदा जरी पाण्यात घातलीत तर विकून टाकीन. काकांनी शपथ घेतली. नोएमी बोलते तसं करते, हे गावाला ठाऊक आहे.

दरवर्षी उन्हाळ्यात त्या गाडीचं तेल बदलायचं काम माझ्याकडे, माझ्या अंगणातल्या आंब्याखाली. इंजिनाचं नव्हे, मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी भोपळा असतो, त्या डिफरन्शियलचं. त्याचं वरचं भरायचं बूच आधी उघडून बघायचं आणि मगच खालचं काढायचं, हे मला काकांनीच शिकवलं. वरचं गंजून बसलेलं असलं आणि खालून सगळं सोडून दिलंत, तर नवं तेल भरता येत नाही आणि गाडी जागची हलवता येत नाही.

यंदाही काका स्टुलावर बसून पाठ म्हटल्यासारखं हे मला ऐकवत होते. नोएमी कॉफी आणि रोस्किया, म्हणजे मक्याची कडक गोल बिस्किटं, घेऊन आली होती. मी गाडीखाली सरकलो, वरचं बूच सैल केलं, घमेलं लावलं आणि खालचं काढलं.

काळपट तेल यायला हवं होतं. आलं ते दाट, फिकट, दूध घातलेल्या कॉफीसारखं. लांबून तापत आलेला भोपळा गार पाण्यात बुडाला की वरच्या श्वासाच्या नळीतून श्वास आत ओढतो आणि पाणी पितो. त्याशिवाय तेलाला असा रंग येत नाही. मला म्हाताऱ्याचा राग आला, तरी नोएमीला दिसू नये म्हणून मी घमेल्यावर फडकं टाकलं.

तोवर नोएमी वाकली होती. फडकं उचलून तिनं बोट बुडवलं.

"दुधाचा धंदा पुन्हा सुरू केलात का, बाबा?"

जुनं सील आहे, दमट हवा आहे, असं काहीतरी मी बाहेर सरकत पुटपुटलो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा गाडीखाली गेलो.

तिथून मला काकांचे फक्त बूट दिसत होते. मग ते हळूच बोलू लागले, आमच्याशी की स्वतःशी, कळत नव्हतं. दर रविवारी नदीवर जातो, पण पलीकडे जात नाही, म्हणाले. नदीच्या मधोमध, चाकं बुडतील एवढ्या पाण्यात गाडी उभी करतो आणि इंजिन बंद करतो. पाणी दाराला घासून खाली जात राहतं. थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसलं की पाणी थांबतं आणि गाडी चालायला लागते, वर, डोंगराकडे, काहीही आवाज न करता.

"मग शेजारून ती बोलायला लागते," काका म्हणाले. "मी हूं हूं करतो."

घमेल्यात शेवटचे थेंब पडत होते. आता गाडी विकली जाणार, असं मला वाटलं.

नोएमी माझ्या पायांशी उकिडवी बसली.

"त्या भोपळ्याची श्वासाची नळी किती वर नेता येते?"

"पार मागच्या दिव्यापर्यंत."

"मग ने. पाणी पोचणार नाही इतकी वर." तिनं बोट फडक्याला पुसलं. "आणि बाबा, पूर असला तर नाही. एरवी दर रविवारी मी येणार आहे बरोबर."

काकांनी घाईघाईनं सांगितलं की सीट लांब आहे, आरामात बसता येईल.

"मी खिडकीशी बसेन," नोएमी म्हणाली. "मधे आई असते ना."