मावळतीकडे तोंड करून

तिन्हीसांजेला बाईमाणसाने उंबऱ्यात बसू नये, केस विंचरू नयेत, घरात रडू नये, असे आमच्याकडे सांगतात. शेजारच्या काकीने यातला एकही नियम मोडला नाही. दिवा लावून झाला की ती शेताच्या बांधावर जायची, मावळतीकडे तोंड करून बसायची आणि पोटभर रडून घ्यायची. अंधार पडायच्या आत तोंड धुऊन घरी परत. "घरात रडू नाय म्हंत्यात. शेतात रडू नाय असं कुनी सांगितलंय?" असे तिचे म्हणणे. शिकली असती तर नक्की वकील झाली असती.

आमचे गाव कर्जतच्या पलीकडे, पश्चिमेला माथेरानचा डोंगर आडवा पसरलेला. दक्षिणेकडे तो उतरत जातो तिथे एक खिंड दिसते. काकीचा एकुलता एक दिनेश मोहोपाड्याला कारखान्यात कामाला होता. माघातल्या एका संध्याकाळी मोटरसायकलवरून घरी येताना टेंपोने त्याला उडवले. काकी तेव्हा बांधाशी वालाच्या शेंगा तोडत होती. निरोप घेऊन माणूस धावत आला, तिने मान वर केली, तर सूर्य नेमका त्या खिंडीत उतरत होता. नवरा तर आधीच गेलेला.

वर्षश्राद्धाला भटजींनी तिथी काढली. काकीने सगळे मुकाट्याने केले, पण तिचा स्वतःचा दिवस वेगळा होता. सूर्य पुन्हा खिंडीत उतरेल तो दिनेशचा दिवस. "तिथी मागंफुडं सरकते गं. डोंगर सरकत नाय," ती म्हणाली. त्या दिवशी वालाचे बिरडे आणि तांदळाची भाकरी करून पळसाच्या पानावर बांधावर ठेवायची. दिनेशला बिरडे एवढे आवडायचे की भांडे पुसून खायचा.

सूर्य त्या खिंडीत वर्षातून दोनदा उतरतो. दिवाळीनंतर दक्षिणेला जाताना एकदा आणि माघात परत येताना एकदा. काकी दोन्ही दिवस पाळायची.

"काकी, लोकांना वर्षाला एक श्राद्ध पुरतं," मी एकदा तिला चिडवले.

"लोकांचा सूर्य एकदाच जात आसंल," ती म्हणाली आणि चुलीत फुंकर मारत बसली.

गावातल्या बाया देवाला बोल लावायच्या, काकी कधी लावत नसे. तिचा हिशेब निराळा होता. "एवढा मोठा सूर्य, त्याला किती गावं बघायची आसतात! तरी फिरून फिरून माज्या पोराच्या जागंवर येतो ना? मंग आपुन कोन रुसनार?" एवढ्या एका गोष्टीवर ही बाई जगत होती. मला ते आधी वेडेपण वाटायचे. पुढे पुढे मीही संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसू लागले, आणि खरे सांगते, त्या बांधावर मला जेवढे शांत वाटले तेवढे कुठल्या देवळात वाटले नाही.

मग तिच्या दिराने आपल्या वाट्याची जमीन विकली. हक्काची होती, विकली, त्यात त्याला काय नावे ठेवायची? तिथे शनिवार-रविवारी येणाऱ्यांसाठी इमारत उभी राहू लागली, काकीच्या बांधाच्या बरोब्बर समोर. पहिल्या वर्षी खांबांच्या मधून खिंड दिसली. दुसऱ्या वर्षी भिंती आल्या आणि खिंड गेली.

काकी हार मानणारी नव्हती. ती उत्तरेला ओढ्याकडच्या बांधावर जाऊन बसली. तिथून इमारतीच्या कडेने खिंड दिसत होती. माघात सूर्य खिंडीत उतरलेला पाहिला, लगबगीने घरी येऊन बिरडे शिजवले, पान वाढले. दीर म्हणाला, "वैनी, आज कुठं? आजून दिवस हायत." दवाखान्यात त्या रात्री तोच धावला होता, तारीख तो कशी विसरेल?

काकीने बोटांवर दिवस मोजले. बांध बदलला की सूर्य खिंडीत उतरायचा दिवसही बदलतो, हे तिच्या कधी ध्यानातच आले नव्हते. आले तरी कसे असते? ती जागा तिने कधी सोडलीच नव्हती. त्या दिवशी ती पहिल्यांदा घरात रडली, भर तिन्हीसांजेला, दिव्यासमोर. "मी जागा सोडली गं," एवढेच म्हणत राहिली.

नंतर ती पुन्हा जुन्या बांधावर बसू लागली, भिंतीकडे तोंड करून. दिराने तारीख सांगून पाहिली. तिने मानेनेच नको म्हटले.

"काकी, काय बघतेस? समोर भिंत आहे," मी म्हटले.

"भिंतीच्या मागं हाय ना तो," ती म्हणाली. मग म्हणाली, "पन आता कवा येऊन जातो, मला कळत नाय."

पुढच्या माघात तिने बिरडे केलेच नाही.

त्यानंतरच्या आषाढात ती गेली. पावसाची झड लागलेली, डोंगर ढगात बुडालेला. तिला पोहोचवून आल्यावर मी छत्री घेऊन बांधावर गेले. मला तिच्यासाठी एक खूण हवी होती, डोंगरावरची, तिने दिनेशसाठी धरली होती तशी. इमारतीला वळसा घालून पलीकडे गेले, चिखलात उभी राहून पश्चिमेकडे बघत राहिले. नुसता पाऊस होता. काकी गेली त्या दिवशी सूर्य कुठे मावळला, ते कोणालाच दिसले नाही.