शेटचा नवस आणि माझे ब्रेक

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं म्हणतात. मी बोलणार आहे. तो जिवंत होता तेव्हाही मी गप्प बसलो नव्हतो.

त्याला सगळे शेट म्हणत. आसनगाव स्टेशनवरून शहापूर आणि तिथून मुरबाड अशी त्याची मोटार चालायची, आणि त्या मोटारीवर मी ड्रायव्हर होतो. मोटार मूळची सात माणसांची. शेटने सुताराकडून मागे फळ्यांचा सांगाडा जोडून घेतला होता आणि बारा-चौदा माणसं कोंबून घेत असे. वर बोचकी, कोंबड्या, कधी नवरीचा पलंगसुद्धा.

तिचे ब्रेक सळ्यांचे होते. पायडल दाबलं की खाली सळ्या ओढल्या जायच्या आणि चारही चाकांत पट्टे आवळायचे. मोटार नवी असेपर्यंत ठीक. पण सळ्यांच्या टोकांची भोकं झिजली की पायाची निम्मी ताकद त्या भोकांतच जिरते. पाय फळीला टेकतो आणि मोटार आपली चालतच राहते. मी दर आठवड्याला शेटला सांगायचो. तो पान चघळत म्हणायचा, "अरे, गीअरात उतरव. ब्रेक काय, पायाला इसावा म्हणून ठेवलेत."

मुरबाडहून शहापूरकडे येताना वाटेत एक उतार लागायचा. खाली ओढा, त्यावर दगडी मोरी, आणि वर माथ्यावर वाघोबाचं ठाणं. तिथे शेट मोटार थांबवायला लावी. खाली उतरून नारळ फोडी, वहाणा काढून हातात घेई आणि उतार पायी उतरे. त्याचा नवस होता म्हणे. आम्ही मोरीपलीकडे मोटार उभी करून त्याची वाट बघत बसायचो. लोक हात जोडायचे, एवढा पैसेवाला माणूस आणि केवढी श्रद्धा! करून करून भागला आणि देवपूजेला लागला, असं मी मनात म्हणायचो. त्यापलीकडे माझ्या डोक्यात काही आलं नाही. मला अक्कल यायला मोटार उलटावी लागली.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा उन्हाळा होता, लग्नसराईचे दिवस. टोकावड्याकडे माझी सासुरवाडी. तिथलं लग्न उरकून माझी बायको माझ्याच मोटारीने परत येत होती, मागच्या फळीवर बसून. वाघोबापाशी शेट नेहमीसारखा उतरला. मी गीअरात उताराला लागलो आणि निम्म्या वाटेत गीअर सुटला. पायडल दाबलं, पाय फळीला टेकला. हातब्रेक ओढला, तर तोही त्याच सळ्यांचा भाऊ. समोर मोरी, मोरीखाली दगड. मी मोटार डावीकडच्या दरडीवर घातली. ती घासत गेली आणि कुशीवर पडली.

मेलं कोणी नाही. पण माझ्या बायकोचा उजवा हात सांगाडा आणि दरड यांच्यामध्ये चेंगरला. वऱ्हाडातल्या कोणीतरी मोहाच्या दारूच्या बाटल्या बोचक्यात आणल्या होत्या, त्या फुटल्या आणि माझं अंग भिजलं. मी बायकोला बाहेर ओढत होतो तेवढ्यात शेट वरून चालत आला. हातात वहाणा. पडलेल्या माणसांकडे त्याने पाहिलंही नाही. सरळ माझ्यापाशी आला, वाकून माझ्या सदऱ्याचा वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पिऊन चालवतोस काय रे, हरामखोरा?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. पंचनाम्यात तेच लिहिलं गेलं. ड्रायव्हर प्यालेला, मोटारीचे ब्रेक शाबूत. माझं लायसन गेलं. मी दारूला कधी शिवलो नाही असं म्हणणार नाही, सणासुदीला घेतली आहे. पण ज्या दिवशी चाक हातात घ्यायचं त्या दिवशी थेंब नाही. हे मी फौजदाराला सांगितलं, पंचांना सांगितलं, शहापूरच्या बाजारात भेटेल त्याला सांगितलं. लोक मान डोलवायचे आणि पाठ फिरली की अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवायचे.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. भरपाई नको, लायसन नको. शेटच्या तोंडून दोन शब्द हवे होते: ब्रेक नव्हते. तेही चार माणसांत, मोठ्याने, जसं त्याने मला हरामखोर म्हटलं होतं तसंच.

बायकोची तीन बोटं पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. लावणीला रोप चिखलात खोवायला उजवा हात लागतो. पहिल्या पावसाळ्यात बाकीच्या बाया ओळीने पुढे जायच्या आणि ती डाव्या हाताने रोपं लावत मागे राहायची. मी बांधावर उभा राहून ते बघायचो आणि शेटला शिव्या घालायचो.

लढाईत कल्याणला लष्करी छावणीच्या वर्कशॉपात मला फिटरचं काम मिळालं. तिथे मी तेलाचे ब्रेक पहिल्यांदा पाहिले. पायडल दाबलं की पंपातलं तेल बारीक नळ्यांतून चाकांपर्यंत जातं आणि चारही चाकं सारखी धरतं. ना सळ्या, ना भोकं. ते पायडल मी पहिल्यांदा दाबलं तेव्हा मोटार जागच्या जागी उभी राहिली. सोबतचे फिटर खूश झाले. मला मात्र असा संताप आला की मी बाहेर जाऊन उभा राहिलो. एवढीशी गोष्ट. एवढ्यावर तिचा हात वाचला असता.

लढाई संपली. लष्कराच्या कामामुळे लायसन परत मिळालं होतं. मी शहापूरला रस्त्याकडेला छप्पर घातलं आणि दुरुस्तीचं काम सुरू केलं. वर्षभरात शेट आला. मोटार तीच, सांगाडा तोच. तपासणीच्या साहेबाने ब्रेक पाहिले होते आणि ते बदलल्याशिवाय परवाना मिळणार नाही असं बजावलं होतं. नवी मोटार पैसे देऊनही मिळत नव्हती, आणि एवढ्या जुन्या मोटारीचं सामान कुठेच नव्हतं. दुसऱ्या मोटारींचं सामान काढून तिच्यावर बसवणारा त्या भागात मी एकटाच. अडला हरी गाढवाचे पाय धरी. गाढव म्हणवून घ्यायला त्या दिवशी माझी काही हरकत नव्हती.

"मजुरी काय घेशील?" शेटने विचारलं.

"मजुरी नको. काम झालं की वाघोबाचा उतार माझ्या शेजारी बसून उतरायचा. पायी नाय."

त्याच्या जबड्यातलं पान थांबलं. "माझा नवस हाय रे."

"वाघोबाला मी समजावतो, शेट."

तो हसला, पण डोळ्यांनी नव्हे. ब्रेक नवे होणार, मग बसायला काय जातं, असा त्याने हिशेब केला असावा. हो म्हणाला.

त्या कामात मी जेवढा जीव ओतला तेवढा पुढे कशातच ओतला नाही. कल्याणच्या भंगारात त्याच बनावटीची, पण दहा-एक वर्षांनी नवी, चेपलेली मोटार मिळाली. तिचे चारही ड्रम आणि आतल्या पाट्या काढल्या. मागचे नीट बसले. पुढचे आसावर सैल पडले, म्हणून लेथवर कड्या कातून घेतल्या. मोठा पंप घेतला एका मोडक्या जीपचा. तो अडकवायला जागाच नव्हती. तेव्हा लोहाराकडून बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव तापवून, वाकवून एक पट्टी करून घेतली. तीन घरचं सामान एका चुलीवर आणलं, पण नांदलं.

एक चूक केली. पंपात इंजिनाचं तेल ओतलं. सकाळी बघतो तर आतल्या रबरी वाट्या फुगलेल्या आणि चारही चाकं दाबून धरलेली, मोटार ढकलूनही हलेना. सगळं खोललं, नव्या वाट्या शोधल्या आणि ह्या वेळी एरंडेल आणि स्पिरिट मिसळून भरलं. चहावाला म्हणाला, "मोटारीला जुलाब देतोस काय रे?"

नळ्यांत हवा राहिली तर हे ब्रेक कुचकामी. ती काढायला दोन माणसं लागतात, एक पायडल दाबायला आणि एक चाकापाशी बोल्ट सैल करायला. मी बायकोला बसवलं. साडी सावरून ती ड्रायव्हरच्या जागी बसली आणि मी खालून ओरडत राहिलो, "दाब… धर… सोड." दुपारभर तिने न कंटाळता पाय चालवला. शेवटी पायडल दगडासारखं घट्ट लागलं तेव्हा ती म्हणाली, "आता धरतंय." मग मी एकटाच जाऊन तो उतार वीस वेळा उतरलो. वेगात, गीअर काढून, भरपूर दगड लादून. मोटार दर वेळी थांबली.

शेटला मात्र मी निरोप पाठवला की सामान अजून आलं नाही, जुन्या सळ्या आवळून ठेवल्यात, उद्या मुरबाडचा बाजार आहे तर एक खेप मारू. बाजाराचं भाडं सोडणारा तो माणूस नव्हता. आला. जाताना मी मुद्दाम गीअरावर चालवली आणि ब्रेकला पाय जेमतेम लावला. येताना मागे आठ माणसं, बाजार करून परतणारी. शेट माझ्या शेजारी, मांडीवर नारळ.

वाघोबाचं ठाणं दिसलं. शेटने वहाणा काढायला सुरुवात केली. मी थांबलो नाही.

"थांबव," तो म्हणाला. मग जोरात, "अरे, थांबव ना!"

"नवस पुढल्या खेपेला फेडा, शेट."

मी गीअर काढला. मोटारीने वेग घेतला, मागे फळ्या खडखडू लागल्या, कोणीतरी देवाचं नाव घेतलं. त्या माणसांना मी विनाकारण भीती घातली हे मला तेव्हाही कळत होतं. आज त्याचं वाईट वाटतं, तेव्हा वाटलं नाही. शेटने माझं मनगट धरलं.

"मरशील रं! हिला ब्रेक नायत!"

"कोण बोलतो? पंचनाम्यात ब्रेक शाबूत हायेत."

"नायत! तवाबी नव्हते! मला ठावं होतं… अरे थांबव, तुझ्या पाया पडतो!"

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. उघडल्यावर मी पायडल दाबलं. मोटार मोरीच्या बरीच अलीकडे, सरळ रेषेत, मुकाट उभी राहिली. नारळ शेटच्या मांडीवरून खाली गडगडला.

मागे डोळखांबकडचा एक म्हातारा शेतकरी बसला होता. तो पुढे वाकला आणि शांतपणे म्हणाला, "तवाबी नव्हते, शेट?"

शेट उतरला, वहाणा पायात घातल्या आणि उरलेला उतार चालत गेला. मी हसलो. खूप हसलो, पोट दुखेपर्यंत, आणि मागची माणसंही हसायला लागली. संध्याकाळच्या आत ती गोष्ट शहापूरच्या प्रत्येक ओट्यावर पोचणार हे मला माहीत होतं. सात वर्षांत मला तेवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

घरी आलो तर बायको ओटीवर बसून डाव्या हाताने तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच तिला सगळं सांगितलं, शेटचा आवाज काढून, हातवारे करून. ती हसेल म्हणून थांबलो. तिने सूप बाजूला ठेवलं.

"मंजे तुमी त्या दिवशी प्यायले नव्हते?"

मला आधी वाटलं ती थट्टा करते आहे. ती करत नव्हती.

"तुला काय वाटत होतं?"

"शेटच बोललेले. मी दवाखान्यात होते तवा आलेले, मोसंबी घेऊन. बोलले, बाय, नवऱ्याला दोष देऊ नको, पिणाऱ्याच्या हातनं होतं, संसार मोडू नको." ती आपल्या बोटांकडे बघत होती. "म्हणून मी कवा इचारलं नाय. तुमी ही मोटार एवढी मन लावून केलीत, तर मला वाटलं, पाप फेडताय."

मी ओटीच्या पायरीवर बसलो. चार माणसांत ते वाक्य यावं म्हणून मी सात वर्षं दात धरून बसलो होतो. तेवढीच वर्षं ती माझ्यासाठी भाकरी थापत होती, आणि जे मी केलंच नव्हतं त्याची माफी मला त्या भाकरीबरोबर रोज वाढत होती. मी कधी तिला सांगितलंच नव्हतं की मी प्यालो नव्हतो. सगळ्या बाजाराला सांगितलं. तिला सांगायची गरज आहे असं वाटलंच नाही.

शेट पुढे बरीच वर्षं जगला. रस्त्यात समोर आला की नजर चुकवायचा, आणि एकदा चहाच्या दुकानात म्हणाला, "झालं ते झालं, सोडून दे आता." ब्रेकचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. मोसंब्यांचं सोडलेलं नाही.