सहाव्या वाटेवरचे कुलूप

केळी पिकवण्याच्या खोलीला आमच्याकडे चेंबर म्हणतात. जाड दार, आत क्रेटच्या थप्प्या, हवा बाहेर जायला फट नाही. कच्च्या केळ्यांवर वायू सोडला की ती पिकायला लागतात आणि पिकताना स्वतः कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो साचू लागला की पंख्याने बाहेर काढावा लागतो. पंखा कधी लावायचा हे ठरवणारी पेटी आमची कंपनी बनवायची. चेंबरच्या दाराशेजारी तिचा पडदा असे. त्यावर हवेचा आकडा आणि एक दिवा. हिरवा असेल तर आत जायचे, लाल असेल तर थांबायचे.

धुळ्याच्या एका दैनिकात उपसंपादकाचे काम केल्यानंतर मी जळगावच्या एमआयडीसीतल्या या कंपनीत लागलो. पेट्यांच्या माहितीपुस्तिका लिहिणे आणि चाचण्यांचे अहवाल ठेवणे हे माझे काम. कंपनी म्हणजे एक शेड. खाली जोडणी, वर पोटमाळ्यावर संगणक. पेटीच्या आत लिनक्स ही संगणकप्रणाली चालायची आणि तिच्यातले ड्रायव्हर, म्हणजे सेन्सर आणि पंख्याशी प्रत्यक्ष बोलणारा कोड, लिहिणारी एकच अभियंता होती. जळगावचीच. वडिलांचे मोटर रिवायंडिंगचे दुकान. शुक्रवारी दुपारी ते नमाजला गेले की गल्ला आणि गिऱ्हाईक दोन्ही सांभाळत ती मोठी झाली होती.

नशिराबादच्या बाजूला महामार्गालगत एका पिकवणी केंद्रात आमच्या पेट्या होत्या. तिथला एक कामगार चेंबरमध्ये बेशुद्ध सापडला. क्रेट काढायला तो एकटाच आत गेला होता. त्याला दवाखान्यात कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराने नेले. माणूस प्यालेला होता आणि लाल दिवा असताना आत घुसला, असे त्याने तिथे सांगितले. ते लिहून घेतले गेले. रक्त तपासले गेले नाही. तेच एका दैनिकात चार ओळींच्या बातमीत आले. तिच्यात ‘ठेकेदाराच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द नव्हते. जागा कमी पडली की डेस्कवर आधी असेच शब्द जातात.

कामगार जगला. काही आठवड्यांनी त्याची बायको शेडवर आली. ती त्याच केंद्रात पॅकिंगला होती. दोघांनाही आता तिथे काम नव्हते. आमच्या कंपनीचे मालक खालीच उभे होते.

“पेटी तुमनी शे ना, भाऊ?”

“आमची आहे.”

“मंग तिले इचारा ना, दिवा कोणता व्हता ते. लाल दिवा पाहीसन तो मझार जाणारा माणूस नही.”

“बाई, पेटी ठणठणीत आहे,” मालक म्हणाले. “त्या दिवशी पडदासुद्धा चालू होता. आमचा माणूस जाऊन बघून आला.”

“आनि दारूले त्यानी जिंदगीमा हात लावा नही. गावना विहारमा पंचशील तोच म्हणस. पुढे तो म्हणस, मांगे बठ्ठा म्हणतस. आते पाचवं शील, दारू नही पेवानं, उनं का लोके हासतस. परवा तो बाहेर उठी गया. तेवढं लिखी द्या, का तो पियेल नव्हता आनि दिवा हिरवा व्हता.”

जोडणीच्या टेबलावरचा एक जण हळूच म्हणाला, “पेटीला आता साक्षीला बोलवा.” दोघे हसले. बाईने त्यांच्याकडे पाहिले नाही. ती मालकांकडेच पाहत होती. मालक म्हणाले, बघू. ती गेल्यावर अभियंता पायऱ्या उतरून आली आणि ती पेटी परत मागवा म्हणाली.

पेटी आली. तिच्या नोंदींमध्ये अपघाताच्या दिवशी एकच तक्रार पुन्हा पुन्हा होती. पंख्याला आज्ञा देणारे काम बराच वेळ अडकून पडले आहे, असे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सांगत होता. हे सांगणे वाचणारे तिथे कोणी नव्हते.

कारण शोधायला तिला दुपार लागली. सेन्सर आणि पंख्याचा रिले, म्हणजे पंखा चालू-बंद करणारा स्विच, एकाच तारेवर होते. एका वेळी एकानेच बोलायचे, म्हणून ड्रायव्हरमध्ये त्या तारेला कुलूप होते. जो बोलणार त्याने कुलूप घ्यायचे, बोलून झाले की सोडायचे. सेन्सर वाचणाऱ्या फंक्शनमधून, म्हणजे कोडच्या तुकड्यातून, बाहेर पडायच्या सहा वाटा होत्या. उत्तर आले, उत्तर आले नाही, उत्तर चुकीचे आले, असे काही झाले की तिथूनच परत फिरायचे. प्रत्येक वाटेवर कुलूप सोडण्याची ओळ हाताने लिहायची असते. पाच वाटांवर ती होती. सहावी नंतर जोडलेली. नव्या बनावटीचा सेन्सर आणला तेव्हा तो फार दमट हवेत ‘अजून तयार नाही’ असे उत्तर द्यायचा. तेव्हाच्या अभियंत्याने तेवढे तपासून परत फिरण्याची ओळ घातली. कुलूप सोडण्याची घातली नाही. तो पुढे पुण्याला गेला.

मी विचारले, एवढ्याने सगळे कसे थांबते?

त्याच वेळी खालून आरडाओरडा ऐकू आला. आमच्या आणि शेजारच्या शेडला मिळून एकच संडास होता, त्याची किल्ली खिळ्याला असायची.

“किल्ली कुठंय रे?”

“तो चहाला गेला, किल्लीसकट!”

“मग मी काय आता पार पहूर गावापर्यंत जाऊ?”

अभियंता हसली नाही. “असं,” ती म्हणाली. “फक्त इथे तो चहा पिऊन परत येतो. तिथे परत येणारं कोणी नाही.”

तिने ते टेबलावर करून दाखवले. सेन्सरभोवती ओला फडका गुंडाळला. थोड्या वेळाने पडद्यावरचा आकडा थिजला. मग चाचणीच्या सिलिंडरमधून सेन्सरवर कार्बन डायऑक्साइड सोडला. आकडा हलला नाही. पंख्याच्या रिलेचा टक असा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. पंख्याची आज्ञा कुलपाची वाट पाहत होती. पडदा चालवणारा प्रोग्रॅम वेगळा, त्याला कुलूप लागत नव्हते. तो शेवटचा मिळालेला आकडा दाखवत राहिला. पेटी अडकली तर तिला आपोआप पुन्हा सुरू करणारी एक सोय होती. ‘सगळे ठीक’ असा निरोप त्या सोयीला हा पडद्याचा प्रोग्रॅमच देत होता. दिवा हिरवा होता. आम्ही दोघे त्याच्याकडे पाहत बसलो. तिने सिलिंडर बंद केला.

उपाय तयार होता. कर्नलच्या नव्या आवृत्त्यांत कुलूप घेण्याची दुसरी रीत आलेली आहे. कुलूप कोडभोवतीच्या महिरपी कंसांच्या हद्दीशी बांधले जाते. त्या हद्दीतून कोणत्याही वाटेने बाहेर पडा, मधूनच परत फिरा, कुलूप सुटते. सोडण्याच्या सूचना कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, स्वतः पेरतो. माणसाने लक्षात ठेवायचे काही उरत नाही. उद्या कोणी सातवी वाट जोडली तरी तिच्यावरही ते सुटेल.

मालकांना ही रीत ऐकताक्षणी आवडली.

“मग सगळ्या ड्रायव्हरमध्ये हीच टाका. एकदम.”

“टाकते, सर. पण आधी एका ओळीची दुरुस्ती वेगळी करते. सहाव्या वाटेवर कुलूप सोडायचं राहिलं होतं, त्यामुळे पंखा बंद आणि दिवा हिरवा राहिला, असं तिच्या वर्णनात लिहिते. त्यानंतर नवी रीत.”

“जी ओळ उद्या काढून टाकायची, ती आज घालायची? कशाला?”

“एकदम केलं तर काय चुकलं होतं ते दिसणार नाही.”

ती जे सांगत होती ते मला तिच्या पडद्यावर पाहिल्यावर कळले. बदलाच्या नोंदीत काढलेल्या ओळी लाल दिसतात, घातलेल्या हिरव्या. नवी रीत थेट घातली तर वर एक ओळ हिरवी आणि खाली कुलूप सोडण्याच्या पाच ओळी लाल. सहावी ओळ कधी लिहिलीच नव्हती, त्यामुळे ती काढलेली दिसणार नाही. वाचणाऱ्याला वाटेल की नीट चालणारा कोड आणखी नीटनेटका केला. चूक दुरुस्त होईल आणि ती होती याचा मागमूस राहणार नाही. असे बदल करणारे वर्णनात एक ठरलेले वाक्य लिहितात: वर्तनात कोणताही बदल नाही.

“ते कोणाला दिसायला हवंय?” मालकांनी विचारले.

“त्या बाई आल्या होत्या ना.”

“त्या बाईंना कोड वाचता येतो? मॅडम, तुम्ही कोड लिहिता की पंचनामा?”

“पंचनामा पोलीस करतात, सर. काय बदललं तेवढंच मी लिहिते.”

“तो ठेकेदार आपल्याला गिऱ्हाईक आणून देतो. खाली जी माणसं बसलीत त्यांचं उद्या काय करू, ते पण लिहा तुमच्या वर्णनात.”

तिने बदल दोन वेगळे करूनच दिले. मुख्य कोडमध्ये ते घेण्याचा अधिकार मालकांकडे होता. त्यांनी दोन्ही एकत्र करून एकच बदल केला आणि वर्णन स्वतः लिहिले: ‘कुलूप हाताळणी नव्या पद्धतीने. वर्तनात कोणताही बदल नाही.’ लेखक म्हणून नाव तिचेच राहिले. पेट्या एकेक करून सगळ्या बदलल्या गेल्या. ओल्या फडक्याची चाचणी मी प्रत्येक आवृत्तीवर घेतली. पंखा दर वेळी लागला.

अभियंता म्हणाली, लिहून नाही तर निदान त्या दोघांना सांगून येते. एका रविवारी आम्ही बसने धुळ्याला गेलो, तिथून रिक्षाने गावात.

तो कामगार ओट्यावर बसला होता. डावा हात मांडीखाली दाबून धरलेला. मोकळा सोडला की थरथरायचा. बोलताना शब्द उशिरा येत. त्याचे वडील, ज्यांना घरात आणि गावात सगळे आबा म्हणत, खाटेवर होते. बायकोने आधी चहा दिला आणि मग दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

अभियंत्याने कोडचा एक शब्दही न वापरता सांगितले. पेटी अडकली होती. आतली हवा खराब झाली तरी बाहेर जुनाच आकडा दिसत राहिला. दिवा हिरवा होता. पंखा लागला नाही.

“आयकं का?” बायको नवऱ्याला म्हणाली. “हिरवा व्हता! मी काय सांगी ऱ्हायंतू?”

आबांनी माझ्याकडे पाहिले. “तुम्ही पेपरमा व्हतात म्हणे. मंग हाई पेपरमा कव्हय येई?”

कंपनीच्या कागदाशिवाय कोणी छापणार नाही, आणि कंपनीच्या कागदात काही बिघडले नव्हते असेच आहे, हे मी त्यांना सांगितले. आबांनी मान हलवली. अभियंता म्हणाली, मी माझ्या नावाने लिहून देते, सहीसकट, नोकरीचं बघू. तिथेच कागद मागून तिने ते लिहिले. दिव्याचे, पंख्याचे, पेटीचे. बायकोने कागद दोन्ही हातांनी घेतला आणि अक्षरांवरून बोट फिरवत हळूहळू वाचला.

“आनि दारूनं?” तिने विचारले.

आतापर्यंत फारसे न बोललेला तो माणूस बोलला.

“पेटीमा ते शे का, ताई? मी पियेल व्हतू का ते?”

“काहीबाही नका बोला,” बायको म्हणाली. “तुम्ही कव्हय पेतस?”

“तुले काय माहीत? तू तं पॅकिंगमा व्हती.” तो थांबला, पुढचा शब्द यायला वेळ लागला. “मले तो दिवसच याद नही. सकायपासून काहीच नही. बठ्ठा म्हणतस, पियेल व्हता. एवढा लोके खोटं काब्र बोलतीन?”

“एकाच माणसाने सांगितलं ते, भाऊ,” मी म्हणालो. “बाकीचे त्याचंच म्हणतात.”

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. तो अभियंत्याच्या उत्तराची वाट पाहत होता.

“पेटीला हवेचं तेवढं कळतं,” ती म्हणाली. “माणसाचं काही कळत नाही.”

“सांगी द्या ना ताई, नव्हता म्हणीसन,” बायको म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “एवढं लिखं, आखो एक ओळ लिखी द्या. तुमनं काय जास?”

अभियंत्याच्या हातात पेन तसेच होते. तिने ते टोपण लावून पर्समध्ये ठेवले.

“मला माहीत नाही, अक्का. जे माहीत आहे ते लिहिलं.”

बायको कप उचलून आत गेली. आतून भांडे जोरात ठेवल्याचा आवाज आला. तो कागद ओट्यावर राहिला. वाऱ्याने उडू नये म्हणून त्याने उजव्या हाताने त्यावर आपला मोबाइल ठेवला आणि पुन्हा डावा हात दाबून बसला.

आबा आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आले. अभियंता त्यांना म्हणाली, दिव्याचं तरी आता त्यांना कळलं. धुळ्याकडे जाणारी रिक्षा आबांनी हात करून थांबवली.

“आतेलोंग तो गप ऱ्हाये,” ते म्हणाले. “आते रोज इचारी, मी पियेल व्हतू का.”