समुद्राचा वास

हे मी कधी उच्चारलेलं नाही. घरात एकटी असताना, दार लावून, स्वतःशीसुद्धा नाही. यांना ठाऊक नाही, माझ्या लेकीला ठाऊक नाही. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा तिच्या उशाशी बसून सांगावं असं वाटलं होतं. ओठापर्यंत आलं — आणि मी तिला पाणी पाजलं. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणूनच तुम्हाला सांगता येतंय बहुतेक.

रेखाबद्दल सांगायचं आहे. रेखा माझी चुलत बहीण, नानांची थोरली लेक. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. पहूरजवळच्या आमच्या गावात दोन्ही घरांचं अंगण एकच. मी तिच्याहून थोडी मोठी, म्हणून ती मला अक्का म्हणायची. आणि मी सांगेन ते तिला खरं वाटायचं. केळफुलात सापाचं पिल्लू निजतं असं मी एकदा गमतीनं सांगितलं, तर ती कितीतरी दिवस बागेत शिरली नाही. नानांनी मला रागावून तिला हाताला धरून बागेत नेलं, तरी ती माझ्याकडेच वळून बघत होती — खरं काय ते अक्का सांगेल, म्हणून.

आमच्या बाजूला धान्याची एक खोली होती. गहू, ज्वारी भरली की वडील पोत्यांमध्ये किडीच्या गोळ्या ठेवायचे, दाराच्या फटींवर कागद चिकटवायचे आणि आम्हाला तिकडे फिरकू द्यायचे नाहीत. एकदा मांजरीची पिल्लं आत राहिली. दार उघडलं तेव्हा ती पोत्यांवर निजल्यासारखी पडली होती. वडिलांनी ती फडक्यात गुंडाळून नेली. रेखा रडेल म्हणून तिला कुणी सांगितलं नाही. पण मी दारात उभी होते. तो वास माझ्या नाकात बसला — सडक्या लसणाचा, त्यात काहीतरी मासळीसारखं. रेखाला तो माहीत नव्हता. मला होता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. एकाच हिवाळ्यात आमची दोघींची लग्नं झाली. मी जळगावात आले, मेहरूणला, हे कॉलेजात शिकवत होते. रेखा धुळ्याला गेली. दिलीपरावांचं कापडाचं दुकान, घरात फ्रिज, दारात स्कूटर. मला हेवा वाटला का? वाटला. तिला लग्नात मिळालेला राणी रंगाचा शालू मी हातात घेऊन बघितला होता आणि पोत चांगला नाही असं म्हटलं होतं. तिनं तेही खरं मानलं.

गोव्याला जायची कल्पना यांची. यांच्या एका मित्राच्या ओळखीनं समुद्रावरच्या एका रिसॉर्टमध्ये दोन खोल्या मिळत होत्या. रेखाच्या सासूबाईंना असली हौस पसंत नव्हती. मीच नानांना गळ घातली, नानांनी व्याह्यांना. म्हणजे तिला तिथं नेलं ते मीच. आम्ही दोघींनी तोवर समुद्र बघितला नव्हता. खानदेशच्या मुली आम्ही — तापीला पूर आला की तोच आमचा समुद्र.

तिथं पोचलो ते दुपारी. नारळाच्या बागेत बसकी घरं होती. आमची खोली सगळ्यात पुढे, खिडकीतून थेट पाणी दिसेल अशी. रेखाची मागच्या रांगेत, स्वयंपाकघराकडे तोंड करून. चांगली खोली आपल्याला मिळाली म्हणून मी मनात सुखावले होते, हेही सांगते. आमच्या खोलीला लागून दुसरी एक खोली होती, ती बंद होती. दाराच्या फटींवर कागद चिकटवलेला होता.

कागद बघून माझ्या काही लक्षात आलं नाही. आमच्या खोलीचं दार उघडून आत पाऊल टाकलं — आणि लक्षात आलं. अगदी पुसट होता, पण तोच वास. दोन खोल्यांमधली भिंत वरपर्यंत गेलेली नव्हती. वर लाकडी पट्ट्यांचं छत, आणि त्या पट्ट्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी. शेजारी ढेकणांसाठी काहीतरी ठेवलं असणार, हे मला तेव्हाच कळलं. नंतर नाही. तेव्हाच.

यांना सर्दी झाली होती, यांना काही कळलं नाही. दोघे पुरुष चहाची चौकशी करायला गेले होते. मी मॅनेजरकडे जाऊ शकत होते. का गेले नाही? लग्नाला महिनाही झाला नव्हता. यांनी मोठ्या हौसेनं सगळं ठरवलं होतं, आणि मी सगळ्यात खोड काढते असं हे बसमध्येच हसत म्हणाले होते. पण ते कारण नाही. कारण असं, की तक्रार करण्यापेक्षा सोपं काहीतरी माझ्या डोक्यात आलं.

मी मागच्या रांगेत गेले. रेखा खिडकीशी उभी राहून स्वयंपाकघरामागचा भांड्यांचा ढीग बघत होती. मी तिला म्हटलं, तुला समुद्र बघायचा होता ना, मग आमची खोली घे, आम्ही इथं राहतो. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. बॅगा आम्ही दोघींनीच हलवल्या. त्या खोलीत शिरताना ती उंबऱ्यावर थांबली.

"अक्का, इथं कसला तरी वास येतो का गं?"

"समुद्राचा असतो तसा," मी म्हटलं.

तिनं खोल श्वास घेतला. मुद्दाम, छाती भरून. समुद्राचा वास कसा असतो ते तिला बघायचं होतं.

ते मरतील असं मला वाटलं होतं का? नाही. पण डोकं दुखेल, मळमळेल, झोप लागणार नाही — एवढं मला वाटलं होतं, आणि ते तिच्या वाट्याला जावं असं मी ठरवलं होतं. शब्दांत ठरवलं नव्हतं. पण बॅग उचलली ती माझ्याच हातांनी. आणि ती मांजरीची पिल्लं? ती मला आठवली नाहीत, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. आठवली होती. बॅग खाली ठेवताना आठवली होती.

संध्याकाळी जेवताना रेखानं दोन घास खाल्ले आणि पान बाजूला सारलं. दिलीपरावांचंही डोकं धरलं होतं. हे म्हणाले, प्रवासाचा शीण आहे, विश्रांती घ्या. मी पण तेच म्हटलं. वर म्हटलं, खाऱ्या वाऱ्यानं त्रास होतो, खिडकी लावून झोपा.

सकाळी दार वाजवलं तर उघडेना. नोकरानं खिडकीची काच फोडली आणि हात घालून कडी काढली. रेखा पलंगाच्या कडेला होती, एक पाय जमिनीवर, उठायला निघाल्यासारखी. दिलीपराव मोरीच्या दारात. यांनी मला बाहेर ढकललं. मी बाहेर उभी राहिले आणि शेजारच्या खोलीकडे बघितलं. माणसांची धावपळ चालू होती, तेवढ्यात कुणीतरी ती उघडली. दुपारपर्यंत दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या आणि फटींवरचा कागद निघालेला होता. कुणी काढला ते मी बघितलं नाही. पण आदल्या दिवशी तो होता हे बघणारी मी होते.

डॉक्टर आले, पोलीस आले. जेवणातून विषबाधा म्हणावी तर आम्ही चौघांनी एकाच पातेल्यातलं खाल्लं होतं. मग खोल्यांचा विषय निघाला. ठरलेल्या खोल्या का बदलल्या, असं त्यांनी यांना विचारलं. यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणाले, रेखाच मागे लागली होती, तिला तीच खोली हवी होती.

एवढं एकच वाक्य. ते लिहून घेतलं गेलं. तोवर मला फक्त स्वतःला वाचवायचं होतं. ते वाक्य पुढे कुठं जाईल, याचा विचार मी केला नाही.

दोघांना गाडी करून धुळ्याला आणलं. अंत्यविधी झाला, त्या दिवशी रेखाच्या सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे कोरडे. नाना समोर हात जोडून उभे. त्या नानांकडे न बघता म्हणाल्या, "हाई बठ्ठं तिनीच करेल शे." नानांना नीट कळलं नाही. शेजारच्या बाईनं समजावून सांगितलं — हे सगळं रेखानंच केलंय, असं त्या म्हणतात.

आणि मग ते वाढत गेलं. तपासणीचा अहवाल आला, त्यात मृत्यूचं कारण सापडलं नाही असं होतं. कारण नाही म्हटल्यावर लोकांनी ते स्वतः शोधलं. रेखाला लग्नाआधी डी.एड. करायचं होतं, म्हणून साखरपुड्याला ती रडली होती. आता त्या रडण्यामागे कुणी मुलगा उभा केला गेला. तिला गोव्याला जायची घाई होती, म्हणे. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, कडेची, वेगळी खोली तिनं हट्टानं मागून घेतली होती! प्रत्यक्ष तिच्या बहिणीनंच सांगितलं होतं ना? नवऱ्याला विष घातलं आणि आपणही घेतलं — असं धुळ्यात ठरलं. मग जामनेरात, मग आमच्या गावात.

नाना एका रविवारी मेहरूणला आले. हे घरी नव्हते. नाना खुर्चीत बसले नाहीत, जमिनीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तू व्हती तठी. मले खरं सांग बाई — माह्या पोरीनं असं केलं असन?"

मला फक्त नाही म्हणायचं होतं. वासाचं नंतर सांगता आलं असतं, खोलीचं नंतर. आधी नुसतं नाही. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता — मग झालं काय? तो मला दिसत होता. मी म्हटलं, "नाना, खोली तिनंच मागितली होती. बाकी मला काही माहीत नाही."

त्यांनी चहा प्यायला. कप उचलून स्वतः नळाखाली धुतला आणि पालथा ठेवला. माझ्या डोक्यावर हात ठेवून, तू जीवाला लावून घेऊ नको, असं म्हणाले. मग बस स्टँडकडे निघून गेले.

रेखाच्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं, पाचोऱ्याला जमलेलं स्थळ मोडलं. त्या घरची पोरगी नको, म्हणाले. नानांनी गावात बसणं-उठणं सोडलं. बागेत जायचे आणि अंधार पडल्यावर परत यायचे. ते गेले तेव्हा धुळ्याचं कुणी आलं नाही. सुमनला पुढे एका बिजवराला दिली. दूर, तापीपलीकडे, दोन मुलांवर.

सुमन अजून माझ्याकडे येते. थोरल्या बहिणीच्या जागी मलाच मानते. तिला माझ्या हातची शेवभाजी आवडते. मागे एकदा जेवता जेवता ती थांबली. म्हणाली, "अक्का, मला कधी कधी रेखाचा फार राग येतो. मरायचंच होतं तर एकटीनं मरायचं होतं. आमची काय चूक होती?"

नाना निदान विचारायला आले होते. सुमननं विचारलंसुद्धा नाही. तिला ते पटलेलं होतं.

रेखानं ती खोली मागितली नव्हती. वास ओळखून ती मी तिला दिली. हे मी सुमनला त्या दिवशी सांगितलं नाही, आणि त्यानंतर ती कितीदा येऊन गेली, तरी सांगितलेलं नाही.