नाही म्हणणारा मिस्त्री

तिसाव्या सालाच्या आगेमागची गोष्ट. लग्न होऊन मी रत्नागिरीला आले त्याला वर्षही झालं नव्हतं. हे मुंबईला नोकरीला, आणि खाडीच्या अंगाला असलेल्या त्या जुन्या घरात सासूबाई, मामंजी आणि मी. घर मामंजींच्या आजोबांनी बांधलेलं. त्या साली पाऊस सरता सरता जेवताना पानात वरून बारीक भुसा पडायला लागला. मामंजींनी शिडी लावून पाहिलं तर छपराचं आढं वाळवीने आतून पोखरलेलं, आणि वासे बोटांनी चुरडता येतील असे.

दिवाळीपासून आगोटीपर्यंतच, म्हणजे पाऊस लागेतोवरच, आमच्याकडे घरकाम करता येतं, त्यामुळे माणूस लवकर ठरवायला हवा होता. दोन नावं पुढे आली. एक शहरातला कंत्राटदार. तो कोट घालून आला, झोपाळ्यावर कागद पसरला आणि ओटीला मुंबईसारख्या कमानी काढून दाखवल्या. मामंजींना त्या कमानींनी भुरळच घातली. दुसरा लांज्याकडचा एक मिस्त्री, ज्याला आमच्यापैकी कुणी पाहिलंही नव्हतं.

"बोलायला काय, दोघंही बोलतील," सासूबाई म्हणाल्या. "त्यांनी केलेली घरं बघून येऊ."

"घरं बघून तुम्हांला काय कळणार?" मामंजी म्हणाले.

"भिंतीतलं नाही कळणार. पण आत राहणारी बाई असेल ना?"

असं आमचं बैलगाडीतून फिरणं सुरू झालं. मला दिवस गेले होते. गाडी हलायला लागली की माझे डोळे मिटायचे, आणि लाल रस्ता, काजूची झाडं, कुणाच्या तरी आगरातला रहाट, हे सगळं पाण्यातून बघावं तसं जायचं. मध्येच सासूबाई मांडीला हात लावून म्हणायच्या, "अगो, ऊठ, आलं घर." परक्या दारात मी उतरायचे, आणि क्षणभर वाटायचं की आपण इथेच नांदायला आलोय. इथे हंडे ठेवायचे, इथे केस विंचरायचे. मग कुणीतरी गूळपाणी पुढे करी आणि मी जागी होई.

कंत्राटदाराने केलेलं घर शहरातच होतं. पांढरंशुभ्र, वर लाल मंगळुरी कौलं. मामंजी ओटीवर यजमानांबरोबर बसले, तिथून कौतुकाचे शब्द आत ऐकू येत होते. आम्ही स्वयंपाकघरात. तिथे धुराने डोळे चुरचुरत होते. घरातली बाई पदराने डोळे पुसत पुसतच आमच्याशी बोलत होती.

"छान झालंय हो घर," सासूबाई म्हणाल्या.

"झालंय," ती म्हणाली. मग ओटीकडच्या दाराकडे बघून तिने आवाज खाली आणला. "माणूस गोड आहे. मी म्हटलं, इथे धूर कोंडेल, वर वाट ठेवा. तो हो म्हणाला. मागच्या अंगाला दार हवं म्हटलं, तरी हो म्हणाला. कशालाही नाही म्हणून म्हणाला नाही. आणि यातलं काही केलंही नाही."

परतताना मामंजी खुशीत होते. सासूबाई अजून पदराने डोळे पुसत होत्या.

दुसरं घर लांज्याच्या वाटेवर. पहाटे निघालो ते दुपार कलल्यावर पोचलो. साधंच घर, कुणी वळून पाहणार नाही असं. पण आत पाऊल टाकलं आणि मला एकदम गार, मोकळं वाटलं. चुलीचा धूर सरळ वर जाऊन कुठेसा नाहीसा होत होता. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

सासूबाईंनी मिस्त्रीबद्दल विचारलं तशी तिथली बाई हसत सुटली. "भांडखोर हो! मला देवघर पूर्वेच्या कोपऱ्यात हवं होतं. म्हणाला, त्या भिंतीला भार सोसायचा नाय. आमचे हे म्हणाले, आम्ही सांगतो ते कर. तर हत्यारं गोळा करून चालता झाला!"

"मग?"

"मग काय, समजूत काढून परत आणला. देवघर झालं ते तो म्हणाला तिथेच." तिने भिंतीवर तळहात टेकला. "पण बरं झालं. मला या घरात भीती म्हणून वाटत नाही."

घरी आल्यावर मामंजी म्हणाले, "भांडखोर माणूस कशाला दारात आणायचा?"

"हो म्हणणारी मी आहे की घरात," सासूबाई म्हणाल्या. "एखादा नाही म्हणणारा आणू या."

मी आत तोंडाला पदर लावून हसले. मामंजींनी लांज्याला निरोप पाठवला.

मिस्त्री आला तो बारीक अंगाचा, कपाळाला आठ्या असलेला माणूस होता. सगळं घर हिंडला. भिंतींना कान लावावा तसा जवळ जाऊन उभा राहायचा. मामंजींनी कमानींचा विषय काढल्याबरोबर म्हणाला, "ओटीची भित पाडायची नाय."

"का?"

"भित चांगली हाय. छप्पर गेलंय, स्वयंपाकघराची मागली भित गेलीय. तेवढं करतो. बाकी घराला हात लावायचा नाय."

मामंजी रागाने उठून माडांत निघून गेले. बऱ्याच वेळाने आले तेव्हा तो तिथेच विडी ओढत बसलेला होता. "कर तुला काय करायचं ते," मामंजी म्हणाले.

काम सुरू झालं. एका सकाळी माजघरावरची कौलं उतरली, वासे काढले, आणि ज्या खोलीत भर दुपारीही समई लागायची तिथे वरून धो धो ऊन आलं. सासूबाई उंबऱ्यातच थबकल्या. इतकी वर्षं त्या घरात काढून भिंतींचा रंग त्यांनी तेव्हा प्रथम पाहिला असावा. जुन्या लाकडाची धूळ उन्हात तरंगत होती, सोन्याची पूड उधळावी तशी. पुढचे कितीतरी दिवस आम्ही पडवीत स्वयंपाक करत होतो, पण मी सारखी माजघरात जाऊन बसे. वर निळं आभाळ, माडाच्या झावळ्यांची सावली जमिनीवर हलतेय, एखादी साळुंकी आत उतरून दाणे टिपतेय. पोटातलं बाळ पहिल्यांदा हललं ते तिथेच. मी कुणाला सांगितलं नाही. नुसती हात ठेवून बसले.

त्याच दिवसांत एका दुपारी मिस्त्री ओटीवर आला. मामंजी पडले होते.

"तात्यानू, उठा. माझ्या हातनं चूक झालीय."

मामंजी दचकून उठले. मी दारामागून ऐकत होते.

"स्वयंपाकघराची भित. आज ओळंबा लावून बघितला. मधीच फुगलीय."

मामंजी जाऊन बघून आले. "मला तर सरळ दिसते."

"तुमाला नाय दिसायची. गिलावा केला तर कुणालाच नाय दिसायची. म्हणून आताच सांगतो. उद्या पाडतो न् परत घालतो. मजुरी माझी."

मामंजींनी त्याला हाताने बसायची खूण केली. मग आत वळून म्हणाले, "अहो, चहा टाका जरा. दोघांना." तोवर त्यांनी मिस्त्रीबरोबर बसून चहा घेतला नव्हता. भिंत पडली, पुन्हा उभी राहिली, आणि संध्याकाळी दोघं ओटीवर आपापल्या कोपऱ्यात, फारसं न बोलता, सोबतीने बसायला लागले.

छप्पर परत चढायला लागलं तशी मी उदास झाले. एकेक कौल बसत होतं आणि माजघरातलं ऊन आक्रसत होतं. माझं जेवण कमी झालं. सासूबाईंनी विचारलं नाही, पण एका सकाळी शिडीखाली उभ्या राहून त्यांनी वर हाक मारली, "मिस्त्री, काचेचं कौल मिळतं ना हो बाजारात?"

"मिळतं की."

"मग एक आमच्या माजघरावर बसवा."

मला वाटलं, आता हा नाही म्हणणार. पण त्याने खाली माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "दोन बसवतो."

हे वैशाखात रजेवर आले. घराभोवती एक फेरी मारली आणि ओटीवर येऊन म्हणाले, "एवढं काम झालं म्हणता, पण मला तर सगळं होतं तसंच दिसतंय." मामंजी इतके खूश झाले की त्यांनी हे वाक्य ओळखीच्या प्रत्येकाला सांगितलं.

दुपारी माजघरात यांचं पान मांडलं. भात कालवता कालवता उन्हाचा एक चौकोन सरकत यांच्या ताटात आला. यांनी पाट जरा बाजूला घेतला. थोड्या वेळाने पुन्हा घेतला. वर काही पाहिलं नाही. मीही वरची काच दाखवली नाही, पोट सांभाळत वाकून ताक वाढलं.