नवरीच्या गालावरचा ठिपका

रफीकभाईंनी फोन स्पीकरवर टाकला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. पलीकडून तारनाक्याच्या विजयालक्ष्मीगारू, म्हणजे आपल्या भाषेत विजयालक्ष्मीबाई, बोलत होत्या. त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या अल्बमचं प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा नमुना, आदल्याच दिवशी त्यांच्या घरी पोचला होता.

“रफीकभाई, मेरी बहू का बुग्गा चुक्का किधर गया?”

“क्या गया, अम्मा?”

“बुग्गा चुक्का! गाल का काला टीका! पूरी शादी में एक फोटो में नहीं है. मेरे बेटे का भी नहीं है. मैं खुद लगाई थी, अपने हाथ से. अय्यो, तुम लोग मिटा दिये क्या?”

रफीकभाईंनी फोनवर हात ठेवला आणि मला कुजबुजत विचारलं, “बाई, वो धब्बा नै था?”

“नै भाई,” मी म्हटलं. “वो नजर का टीका था.”

तेलुगू लग्नात नवरा-नवरीच्या गालावर काजळाचा ठळक ठिपका लावतात, दृष्ट लागू नये म्हणून. आपण बाळाला तीट लावतो, त्यातलाच प्रकार. काचीगुड्यात जन्म गेल्यामुळे मला हे माहीत आहे. रफीकभाईंनाही माहीत आहे, त्यांनी शेकडो तेलुगू लग्नांचे फोटो काढलेत. माहीत नव्हतं ते त्यांच्या नव्या सॉफ्टवेअरला.

मी त्यांच्या स्टुडिओत रीटचिंग करते. फोटोग्राफर फोटो काढून मोकळा होतो. मग नवऱ्याच्या नाकावरची घामाची चमक, नवरीच्या डोळ्यांखालचं जागरण, आशीर्वाद देणाऱ्या आजोबांच्या मागे तोंडात अख्खा गुलाबजाम कोंबणारा पाहुणा, हे सगळं गुपचूप नाहीसं करायचं ते मी. काम चांगलं झालं तर काही केलंय हे कुणाला कळत नाही. त्यामुळे या धंद्यात कौतुक फारसं वाट्याला येत नाही, आणि मालकाला अधूनमधून प्रश्न पडतो, की ही बाई दिवसभर करते तरी काय.

तो प्रश्न रफीकभाईंना त्या महिन्यात जरा जोरात पडला होता. माझं सॉफ्टवेअर प्रोफेशनल. ते विकत मिळत नाही, त्याचं सबस्क्रिप्शन भरत राहावं लागतं.

“घर का किराया देरऊं, दुकान का किराया देरऊं,” रफीकभाई म्हणायचे. “अब ब्रश का भी किराया?”

मग त्यांना मोबाइलवर एका स्वस्त सॉफ्टवेअरची जाहिरात दिसली. एकदाच घ्यायचं, कायमचं आपलं. त्यात एक बटण होतं. ते दाबलं की फोटोतले सगळे चेहरे आपोआप स्वच्छ.

“आप आराम से चाय पीते बैठो, बाई,” ते म्हणाले. “कैकु आंखां खराब कर लेते?”

चहा पिऊन घरी जायचं की परत यायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी हसले खरी. मला दुसरं काम येत नाही, आणि खरं सांगायचं तर यायला नकोच आहे. लोकांचे चेहरे मोठे करून बघत बसणं मला मनापासून आवडतं. सबस्क्रिप्शन गेलं, तर त्याच्यासमोरची खुर्चीही जाणार होती.

रफीकभाई अन्याय करणारे गृहस्थ नाहीत. त्यांनी शर्यत लावली. लग्न एकच, फोटो तेच. ते स्वस्तवाल्यावर करणार, मी महागवाल्यावर. दोन्हींत फरक दिसला नाही तर महागवाला बंद.

लग्न होतं काचीगुड्याच्या मराठी वकिलांच्या केतकीचं, तारनाक्याच्या विजयालक्ष्मीगारूंच्या मुलाशी. आंतरपाटही होता आणि तेलुगू पद्धतीने नवरा-नवरीने एकमेकांच्या डोक्यावर ठेवायचं जिरं-गुळही. म्हणजे फोटो दुप्पट.

मी कामाला लागले. माझं सॉफ्टवेअर लेयरमध्ये चालतं. मूळ फोटोवर पारदर्शक कागद ठेवावा आणि दुरुस्ती कागदावर करावी, तसं. पटलं नाही तर कागद उचलून टाकायचा, खालचा फोटो जसाच्या तसा. काम सावकाश होतं. माझी मंगलाष्टकं सुरू होती, तोवर रफीकभाईंची वरात घरी पोचलीसुद्धा. बटण दाबून, खुर्चीत रेलून ते मला बघत होते.

“हो गया?” मी विचारलं.

“कब का!”

आणि त्या आनंदात, माझं होईपर्यंत थांबायचं ठरलेलं असताना, त्यांनी आपलं प्रूफ दोन्ही घरी पाठवून दिलं. त्यानंतर आला तो फोन.

तो ठेवतो न ठेवतो तोच दुसरा आला. केतकीची आई, नीलाताई. त्या स्टुडिओपासून दोन गल्ल्या सोडून राहतात आणि फोनवर बोलल्या नाहीत तरी ऐकू येतात.

“माधुरीताई, मुंडावळ्या कुठे आहेत हो? कपाळावर दोरी दिसते, गालावरचे मोती गायब! असं वाटतंय, केतकीला डोकेदुखीवर पट्टी बांधलीय. आणि आमच्या ह्यांनी माझा फोटो पाहून विचारलं, ही कोण बाई?”

मी प्रूफ उघडलं. बटणाने गालावर आलेले मुंडावळीचे मोती पुरळ समजून खाऊन टाकले होते. नीलाताईंच्या ओठाच्या कोपऱ्यावर लग्नाआधीपासूनचा तीळ आहे, तोही गिळला होता. भटजींचा अष्टगंध पुसला होता. सगळी मंडळी साबणाच्या जाहिरातीतल्यासारखी गुळगुळीत, एकमेकांची भावंडं दिसत होती.

खरं तर असं बटण माझ्याही सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी ते दाबत नाही, एवढंच.

“मैं मेरा वाला पूरा करके देतीऊं,” मी म्हटलं.

“नक्को,” रफीकभाई म्हणाले. आता प्रश्न इज्जतीचा झाला होता. “एक चुक्के की तो बात है. मैं लगातऊं.”

ते बसले. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक चांगली सोय आहे. एका फोटोत केलेला बदल सगळ्या फोटोंना लावता येतो. प्रकाश कमीजास्त करायला ती फार उपयोगी. रफीकभाईंनी केतकीच्या गालावर छान गोल ठिपका काढला. लांबून बघितला. समाधानाने मान हलवली. आणि ‘अप्लाय टू ऑल’ दाबलं.

ठिपका सगळ्या फोटोंना लागला. त्याच जागी. म्हणजे फोटोच्या त्याच जागी, आणि त्या जागी ज्या त्या फोटोत जे काही असेल त्यावर. एका फोटोत तो भटजींच्या नाकाच्या शेंड्यावर बसला. एकात वकीलसाहेबांच्या टकलावर. पंगतीच्या फोटोत एका पुरीवर. सासऱ्यांच्या भाषणाच्या फोटोत माइकला लागला, आणि जिथे नवरा-नवरी एकमेकांच्या गळ्यात हार घालतात तिथे त्या दोघांना सोडून मागच्या खांबाला. त्या लग्नात कुणाची दृष्ट लागली असती तर ती नवरा-नवरीलाच, बाकी सगळ्यांचा बंदोबस्त झाला होता.

मी हसू दाबायचा प्रामाणिक प्रयत्न केला. तो फसला. रफीकभाई काही वेळ पुरीकडे बघत राहिले, आणि मग तेही फसले.

“अब क्या करना, बाई?” डोळे पुसत त्यांनी विचारलं. “वो लोगां परसों आरे.”

“आप चाय मंगाओ,” मी म्हटलं. “मैं करतीऊं.”

मूळ फोटो माझ्याकडे शाबूत होते, अर्धे झालेही होते. उरलेले मी एकेक हातांनी केले. घाम काढला, ठिपका ठेवला. खाजून लाल झालेली जागा काढली, तिच्यावरचे मोती ठेवले. जिरं-गुळाचा ओघळ केतकीच्या भुवईवर आला होता. तो काढणार होते, पण तो बोटाने पुसताना नवरा असा काही हसलाय, की मी दोन्ही तसंच ठेवलं.

ठरल्या दिवशी दोघी विहिणी स्टुडिओत आल्या. विजयालक्ष्मीगारूंनी चष्मा घातला आणि अल्बमच्या नव्या प्रूफच्या प्रत्येक पानावर आधी गाल तपासले. नीलाताई मुंडावळ्या मोजल्यासारख्या बघत होत्या. रफीकभाई माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, आणि त्यांना बहुधा माझा.

शेवटचं पान मिटलं. “हां,” विजयालक्ष्मीगारू म्हणाल्या. “अब बराबर है. मंचिगा उंदी.” म्हणजे छान आहे. मी खुर्चीत जरा मागे टेकले.

मग त्यांनी अल्बम पुन्हा उघडला आणि स्वतःच्या फोटोवर बोट ठेवलं.

“मगर ये क्या? पहले वाले में मेरे गाल का तिल नहीं था. इतना अच्छा लगा मुझे! तुम ये वापस कैकु लाये?”

मी वाकून बघितलं. त्यांच्या गालावर चांगला टपोरा तीळ होता, आणि मी तो मोठ्या आदराने राखला होता.

“देखे!” रफीकभाई मागून एकदम ताठ झाले. “मेरा वाला भी काम किया ना!”

“किया ना,” विजयालक्ष्मीगारू म्हणाल्या. “मेरा निकालो. बहू का चुक्का रखो.”

“माझ्या तिळाला हात लावू नका हं,” नीलाताईंनी घाईघाईने सांगितलं. “माझ्या आईला अगदी इथेच होता.”

मी कॉम्प्युटरवर तो फोटो उघडला, एक नवा लेयर घेतला आणि त्यांच्या समोरच विजयालक्ष्मीगारूंचा तीळ बुजवला. त्यांनी बघितलं, मान तिरकी केली, पुन्हा बघितलं. मग म्हणाल्या, “थोड़ा सा रखो. मेरी बहन पहचानेगी नहीं.” मी तीळ थोडासा परत आणला. एवढ्यासाठी लेयर लागतो.

त्या गेल्यावर रफीकभाईंनी प्रूफ पुन्हा चाळून बघितलं. मग म्हणाले, “बाई, किसका रखना, किसका निकालना, किसका आधा रखना... ये बटन कु कैसा मालूम पड़ता?”

“नै पड़ता,” मी म्हटलं.

“सस्ते वाले कु नै पड़ता. महंगे वाले कु?”

“उसकु भी नै पड़ता, भाई.”

हे उत्तर माझ्या सॉफ्टवेअरच्या विरोधात जाणारं होतं, हे तोंडातून निघाल्यावर लक्षात आलं. पण रफीकभाई माझ्याकडे बघत होते, कॉम्प्युटरकडे नाही. त्यांनी सबस्क्रिप्शन भरलं. स्वस्तवालं आता आम्ही पासपोर्ट फोटोंना वापरतो. तिथे गुळगुळीत दिसायची परवानगी नसते, त्यामुळे त्याचं बटणही कुणी दाबत नाही.

नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं का, असं कुणी मला विचारलं तर मी एवढंच सांगते, की आधी ते चालवणारं माणूस त्या लग्नात जेवून आलंय का ते बघा.

पुढच्याच आठवड्यात एका नवरीच्या फोटोवर काम करत होते. कोपऱ्यात आकाशात एक काळा डाग. ब्रश फिरवला, गेला नाही. नवा लेयर घेतला, गेला नाही. फोटो मोठा केला, तर नवरी मोठी झाली आणि डाग तेवढाच राहिला. एवढं भाडं भरतोय ते कशासाठी, असं पहिल्यांदाच माझ्या मनात आलं.

मग बोटाने स्क्रीन पुसून बघितली. बोट काळं झालं. काजळ.

काउंटरवर रफीकभाई गिऱ्हाइकाशी बोलण्यात अगदी गुंग असल्यासारखे उभे होते.

“भाई, ये क्या है?”

“रहने दो, बाई,” ते वळून न बघता म्हणाले. “आपकु नजर नै लगना.”

मी बोटाला लागलेलं काजळ परत त्याच जागी टेकवलं आणि फोटो थोडा बाजूला सरकवून कामाला लागले.